टोल्याची चाळीस मिनिटं

१

१९८४ सालचा जानेवारी, तिसरा आठवडा. थंडी अशी की सकाळी खाणीतल्या पाण्याच्या तोफेची मूठ धरली की हातमोज्यातूनही हाडाला कळायचं. सोमवारी, सोळा तारखेला, साहेबांनी फळ्यावर हुकूम लावला. आजपासून तोफ दोनला बंद होणार नाही, तीनपर्यंत चालेल. मागणी वाढली आहे. पुढच्या सोमवारपासून दुसरी पाळी पुन्हा सुरू.

नानाने हुकूम दोनदा वाचला. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा मोठा ताप कसा बसवतात, ते पाहायला.

नाना तोफवाला. खाण पांढऱ्या मातीची. तिथे कुदळ नाही, सुरुंग नाही. पंपघरातून लोखंडी नळाने पाणी येतं, तोफेच्या तोंडातून मनगटाएवढी धार सुटते आणि समोरच्या कड्याला भिडते. कडा विरघळतो. पांढरं पाणी चरातून खालच्या हौदांत जातं. तिथे माती बसते, सुकते, आणि मग कुणाच्या कागदाला, कुणाच्या कपबशीला, कुणाच्या औषधाच्या गोळीला जाऊन लागते. धार अंगावर आली तर माणसाला उचलून फेकील. म्हणून तोफ जाड खुंटावर बसवलेली, मागे लांब दांडा, दांड्याच्या टोकाला मूठ. पाणी जेवढ्या जोराने पुढे जातं तेवढ्याच जोराने मूठ छातीवर येते. पाळी संपेपर्यंत ते वजन अंगावर घेऊन उभं राहायचं. नाना सत्तावीस वर्षं उभा होता.

त्या सोमवारी दोन वाजले, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदाच तोफ दोनच्या पुढे चालू राहिली. नाना मनातल्या मनात साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता. सव्वादोनचा भोंगा झाला.

आणि मूठ हलकी झाली.

धार कमी झाली नाही. कड्यावरचा आवाज तसाच, भरीव. पण छातीवरचं वजन निम्मं झालं. डावीकडून कुणीतरी मूठ धरावी आणि आपला भार वाटून घ्यावा, तसं. नानाच्या हातांना ते ओळखीचं होतं. पाळी बदलताना रोज तसंच व्हायचं.

नानाने डावीकडे पाहिलं. पत्र्याची भिंत होती, भिंतीवर खिळा होता, खिळ्याला त्याचा डबा होता.

चाळीस मिनिटं ते वजन तसंच निम्मं राहिलं. दोन पंचावन्नला पुन्हा पूर्ण अंगावर आलं, एवढ्या झटक्याने की नानाचा पाय सरकला.

२

"पंपाशी खेळतोस का रे?" नाना पंपघराच्या दारात उभा राहून ओरडला.

पंपवाल्याला पंपाच्या घरघरीने अर्धं ऐकू येत नसे. उरलेलं अर्धं तो सोयीने ऐके. "काय म्हणता?"

"दाब कमी केलास का? सव्वादोनला?"

"दाब?" पंपवाल्याने काट्याकडे बोट केलं. "हा बघा. चौदावर. सकाळपासून चौदावर. माझी बायको एवढी एका जागी राहिली असती तर मी खाणीत कशाला आलो असतो?"

"मला विनोद ऐकवू नकोस. वजन निम्मं झालं होतं."

"निम्मं झालं? मग आनंद माना. एवढ्यासाठी चढ चढून भांडायला आलात?"

मंगळवारी नानाने फिटरला धरून आणलं. फिटरने खुंटाचं वंगण पाहिलं, दांड्याचा आस पाहिला, बोल्ट ठोकून पाहिले. म्हणाला, "ठणठणीत आहे." नाना म्हणाला, "सव्वादोनपर्यंत थांब." फिटर थांबला. भोंगा झाला, वजन निम्मं झालं. नानाने एक हात काढून दाखवला, "बघ, एका हाताने पेलतोय!" फिटरने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "नाना, या वयात असली ताकद! आम्हाला सांगा काय खाता ते."

नानाने त्याला हाकलून दिलं.

बुधवारी त्याने दुसरी गोष्ट पाहिली. हलकी झालेली तोफ थोडी डावीकडे जात होती. वीतभरच. पण डावीकडे तो बंद केलेला कडा होता. दोर बांधून, लाल पाटी लावून ठेवलेला. दहा महिन्यांपूर्वी कोसळलेला.

आणि टोल्या डावखुरा होता.

३

टोल्या म्हणजे नानाचा जोडीदार. पहिली पाळी टोल्याची, दुसरी नानाची. एकोणीस वर्षं. हाडकुळा, लांब मानेचा, घड्याळाच्या टोल्याला हजर म्हणून टोल्या. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, तिथेच राहिलं.

तोफेची पाळी बदलायची एक रीत होती. पाणी बंद करायचं नाही, कारण धार थांबली की चरात माती बसते आणि चर उपसायला अर्धा दिवस जातो. चालू तोफ हातोहात द्यायची. येणाऱ्याने शेजारी उभं राहून मूठ धरायची, वजन अंगावर घ्यायचं आणि म्हणायचं, "घेतली." जाणाऱ्याने म्हणायचं, "दिली," आणि मगच सोडायची. "घेतली" ऐकल्याशिवाय मूठ सोडणारा माणूस खाणीत दुसऱ्या दिवशी दिसत नसे. सुटलेली तोफ कुणाला विचारून वळत नाही.

दुसरी रीत मिनिटांची. यायला उशीर झाला तर तेवढी मिनिटं दुसऱ्या दिवशी आधी येऊन फेडायची, जोडीदाराला तेवढं लवकर सोडायचं. कुठे लिहिलेलं नसे. दोघांच्या लक्षात असे. टोल्याच्या जरा जास्तच.

"नान्या, मंगळवारची सहा मिनिटं आहेत तुझ्याकडे."

"सहा मिनिटांत काय राज्य करणार होतास?"

"ते माझं मी बघीन. तू सहा मिनिटं आण."

असा माणूस. वैताग नुसता.

मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये, चोवीस तारखेला, गुरुवारी, नाना पाळीवर येताना भांडारात गेला. नवे रबरी बूट मिळाले होते. डावा नऊ नंबरचा, उजवा दहा. कारकून म्हणाला, "घालून घालून सैल होईल." नाना म्हणाला, "मग तूच घाल आणि सैल करून दे." कारकून म्हणाला, नवा अर्ज करा. नाना म्हणाला, मी एक पाय नव्याने जन्माला घातलेला नाही. सव्वादोनचा, पाळी बदलायचा भोंगा झाला तो नानाने ऐकला. पण मागे हटला नाही. प्रश्न बुटाचा राहिलाच नव्हता. शेवटी कारकुनाने दहा नंबरचा डावा बूट काउंटरवर आपटला. नाना जिंकला.

बूट काखेत मारून तो खाणीच्या काठावर आला तेव्हा दोन पंचावन्न झाले होते. खाली टोल्या तोफ धरून उभा होता. त्याने वर पाहिलं. नानाने हात केला. त्याच वेळी टोल्याच्या डोक्यावरचा कडा, काहीच आवाज न करता, उभाच्या उभा खाली उतरला.

आवाज नंतर आला.

नऊ दिवस उपसलं. पत्रा सापडला. दांडा सापडला. मुठीवर दोन हातमोजे होते, बोटं घट्ट वळलेली. फिटरने ते ओढून काढले. आत गच्च पांढरी माती भरली होती, हाताच्या आकाराची. टोल्या सापडला नाही. हौद उपसले, चर उपसला. साहेब म्हणाले, एवढ्या पाण्यात काय राहतं. तोफ बाजूला चाळीस पावलांवर नव्या टपरीत बसवली. खर्च नको म्हणून दांडा ठोकून सरळ केला आणि मूठही तीच लावली. दुसरी पाळी बंद झाली, पहिली नानाकडे आली, आणि ती दोनला संपू लागली.

तेव्हापासून सव्वादोनला त्या मुठीवर कुणाचा हातच नव्हता. साहेबांनी हुकूम काढेपर्यंत.

४

"चहा निवतोय," बायको म्हणाली.

"स्टीलच्या पेल्यात दे."

"अहो, दहा महिने झाले. कपानं काय घोडं मारलंय तुमचं?"

नानाने कप परत सरकवला. पांढऱ्या कपाला तो तोंड लावत नसे. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला कळलं असावं, कारण ती कुरकुर करत का होईना, पेला आणत असे.

बाहेरच्या खोलीत जावई लेकराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. चार महिन्यांची पोर, रडायला लागली की भोंगा फिका पडावा. जावई तिशीचा, गुणी, हसतमुख. त्याचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. मुलीने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं, पण नानाने स्वतः साहेबांकडे शब्द टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदाच टाकला होता. साहेबांनी राखला. येत्या सोमवारी, तेवीस तारखेला, सव्वादोनला जावई दुसऱ्या पाळीला तोफेवर उभा राहणार होता.

"मामा," जावई म्हणाला, "उद्या मी येऊ का शिकायला? साहेब म्हणाले, दोनतीन दिवस हात बसू दे."

"या."

"अवघड असतं का हो?"

"धरून ठेवायची. सोडायची नाही. यात अवघड काय?"

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, नीट सांगा ना जरा. तुम्ही सगळ्यांवर खेकसता."

"नीटच सांगतोय. सोडायची नाही, याच्यापेक्षा नीट कसं सांगू?"

पेला हातात तसाच राहिला. मूठ हलकी झाली की काय करायचं, हे त्याच्या हातांना सत्तावीस वर्षांनी शिकवलं होतं. हलकी झाली म्हणजे दुसऱ्याने घेतली. म्हणजे सोडायची. गेले तीन दिवस तो सोडत नव्हता तो केवळ हट्टाने. जावयापाशी हट्ट नव्हता.

५

गुरुवारी जावई आला. चांगला शिकला. एक वाजेपर्यंत त्याला पाय कसे रोवायचे, वजन हातावर नव्हे तर मांडीवर कसं घ्यायचं, ते जमलं. "जावईबापू, ही तोफ आहे, झाडणी नव्हे. सावकाश फिरवा," एवढंच नानाला दोनदा म्हणावं लागलं. मग त्याला रीत सांगितली. घेतली, दिली. जावयाने ती तीन वेळा म्हणून पाहिली, हसत हसत.

दोन वाजता नाना म्हणाला, "आणा इकडे, मी धरतो."

"राहू द्या, मामा. आता कुठे हात बसतोय. तुम्ही बसा जरा."

"आणा म्हणतो ना."

"पाच मिनिटं. तेवढा वरचा थर उतरवतो."

नानाने ओढून घेतली असती. पण परक्याच्या मुलावर किती वेळा खेकसायचं? मुलगी म्हणाली होती. नाना टपरीच्या दाराशी उभा राहिला, हात मागे बांधून, तीन पावलांवर.

भोंगा झाला.

"हां," जावई सहज म्हणाला. "धरली का, मामा?"

त्याची नजर कड्यावर होती. आपल्या शेजारी कोण उभं आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला ते जाणवलं होतं.

"मी नाही धरली," नाना म्हणाला. "सोडू नका."

पाण्याच्या आवाजात जावयाला पहिलं ऐकू आलं नाही, दुसरंही नाही. त्याने पंजे सैल केले. उजवा हात निघालाच. तोफेचं तोंड डावीकडे वळलं, आधी सावकाश, मग सरसर. धार दोराच्या खांबाला लागली आणि खांब काडीसारखा उडाला. नाना तीन पावलं कशी पार करून गेला त्याला कळलं नाही. त्याने मूठ छातीशी दाबली. धार बंद कड्यावर होती, पायथ्याशीच. वरून दोन ढेकळं सुटली आणि पाण्यात पडली.

नानाने तोफ उजवीकडे आणली. आणताना ती सहज येत नव्हती. कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरून ठेवलं होतं. रागाने नव्हे. ज्याला आपलं काम पुरं करायचं असतं, तसं.

जावयाचा चेहरा पांढराफटक. "मामा, तुम्ही धरली होती ना? मला वजन कळलं. शप्पथ."

"घरी जा," नाना म्हणाला.

"पण..."

"घरी जा म्हणतो ना! पोरगी रडत असेल."

६

शुक्रवारी नाना साहेबांच्या खोलीत गेला. साहेब तरुण, शेगडीपाशी पाय शेकत होते.

"तोफेत दोष आहे," नाना म्हणाला.

"कुठला?"

"सव्वादोनला मूठ हलकी होते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हलकी होते. म्हणजे काम सोपं होतं. हा दोष आहे?"

नाना उभाच. या माणसाला काय सांगायचं आणि किती? "मूठ बदला. नवी बसवा."

"का?"

"ती टोल्याच्या हातची आहे."

 साहेब सौम्यपणे म्हणाले, "नाना, ते लोखंड आहे. माणूस मेला, लोखंड कुठे मेलं?" आणि वर, "मागवतो. दोन महिने लागतील."

"मग दुसरी पाळी दोन महिन्यांनी सुरू करा."

"मागणी आता आहे. तुमच्या जावयाला नको असेल तर सांगा, बाहेर अकरा जण उभे आहेत. त्यातला एक घेतो. सोमवारी मुठीवर कुणीतरी असणारच."

नानाने दार लावून घेतलं. जरा जोरातच लावलं. दुसऱ्या कुणाला उभं करायचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मुलीचा नवरा. आणि हेच साहेब सात महिन्यांपूर्वी कामगारांपुढे सुरक्षिततेवर तासभर बोलले होते, हेही त्याला नेमकं आठवलं.

आणि टोल्या. मेला तरी वेळेचा पक्का. नानाला काही बोलायचं असेल तर नानाला बोल. माझ्या जावयाचे हात कशाला सोडवतोस?

हे त्याने त्या दिवशी सव्वादोनला टपरीत मोठ्याने म्हणूनही पाहिलं. "काय पाहिजे तुला? मिनिटं पाहिजेत? घे ना मग! घे तोफ आणि बस धरून!" आणि त्याने, इंचभर, पकड ढिली केली.

शेजारच्याने तोफ घेतली नाही. तो तेवढाच भार धरून राहिला. अर्धा. ना कमी ना जास्त.

७

शनिवारी नाना टोल्याच्या बायकोकडे गेला. कामगारांच्या चाळवजा ओळीतली शेवटची खोली. ती लोकांचे कपडे इस्त्री करायची. खोलीत उबदार, दमट वास. भिंतीशी घडी केलेल्या सदऱ्यांची चळत.

"या भावजी," ती म्हणाली, इस्त्री न थांबवता. "वाट चुकलात?"

"तसं नाही, वहिनी."

"दहा महिन्यांत तिसऱ्यांदा आलात. मोजलंय मी. आमच्या घरात मोजायची सवयच आहे."

नाना खुर्चीच्या कडेवर बसला. काय विचारायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विस्कटलं. "टोल्या कधी तोफेबद्दल बोलायचा? घरी?"

"दुसरं काय बोलायचा! घरातसुद्धा पाळीच चालायची." तिने सदरा उलटा केला. "ताट द्यायचे ना मला, जेवण झाल्यावर, तर मी 'घेतलं' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम बोललेच नाही. लग्न नवं होतं, म्हटलं गंमत करू. ताट दोघांनी धरलेलं. मी हसतेय आणि हा माणूस उभा. हात थरथरायला लागले तरी उभा. शेवटी मीच घाबरले आणि म्हणाले, घेतलं बाई, घेतलं!"

ती हसली. मग इस्त्री उभी करून ठेवली.

"एक विचारू, भावजी? त्या दिवशी तुम्ही वर काठावर होतात. त्यांना काय म्हणालात?"

"काही नाही. हात केला."

"बोलला नाहीत?"

"एवढ्या लांबून काय ऐकू येणार, वहिनी!" नाना चिडून म्हणाला. चिडायचं काही कारण नव्हतं.

 तिने पुढचा सदरा ओढून घेतला. "नाही, मला आपलं वाटलं. तसे मधेच सोडून येणाऱ्यातले नव्हते ते."

नाना बाहेर आला आणि ओळीच्या टोकाला, नळापाशी, थांबला. सहा दिवस तो उलटंच धरून बसला होता. त्याला वाटत होतं, शेजारी येऊन उभा राहतो तो तोफ घ्यायला येतो. पण घ्यायला आलेला माणूस "घेतली" म्हणतो. हा काहीच म्हणत नव्हता. हा घ्यायला आलेलाच नव्हता. हा द्यायला थांबला होता. येणारा नाना होता. उशिरा आलेला, काखेत बूट घेतलेला नाना. आणि येणाऱ्याने अजून शब्द उच्चारला नव्हता.

उच्चारला की टोल्या मोकळा. आणि सव्वादोन ते दोन पंचावन्न, त्या चोवीस तारखेची ती चाळीस मिनिटं, ज्याची होती त्याच्या अंगावर.

८

"रविवारी पंप?" पंपवाला म्हणाला. "नाना, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"दोनला चालू कर. दोन पंचावन्नला बंद कर. एक मिनिट इकडे नको, एक मिनिट तिकडे नको."

"आणि साहेबांना काय सांगू?"

"सांग, म्हाताऱ्याला मूठ तपासायची होती. खोटं नाही."

पंपवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. काही तरी विनोद करणार होता, तो गिळला. "मी काठावर उभा राहतो," म्हणाला. "काही झालं तर बंद करतो."

"काही झालं तरी पंचावन्नच्या आधी बंद करायचा नाही. कबूल?"

"तुमच्यासारखा हेकट माणूस पाहिला नाही मी."

"कबूल म्हण."

"कबूल. घ्या."

रविवारी खाण रिकामी. ऊन स्वच्छ, कडे पांढरे, डोळ्यांना टोचणारे. कुणी माणूस नाही, म्हणून चरातलं पाणी मोठ्याने वाजत होतं. नानाने पाय रोवले, मूठ छातीशी घेतली. धार सुटली. समोरचा चांगला कडा निवांत विरघळत होता.

रविवारी भोंगा नसतो. नानाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन.

वजन निम्मं झालं.

आज घाईने डावीकडे पाहायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पाहिलं नाही. डाव्या दंडाला दंड लागल्यासारखा गारवा होता, आणि ओल्या मातीचा वास, खूप खोलवरच्या मातीचा, जिला अजून ऊन लागलेलं नाही. तोफ डावीकडे जाऊ लागली. नानाने अडवली नाही. येणाऱ्याने जोडीदाराचं काम अडवायचं नसतं. जिथे तो लावतो तिथून पुढे न्यायचं असतं. धार लाल पाटीवरून गेली आणि बंद कड्याच्या पायथ्याला लागली. आवाज पोकळ आला.

 तीन अक्षरांचा एक शब्द, रोज म्हटलेला, एकोणीस वर्षं. तो ओठांपर्यंत यायला इतका वेळ लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"उशीर झाला," तो आधी म्हणाला. हे ठरवलेलं नव्हतं. "बुटावरून भांडत बसलो होतो. माझी चूक."

काही हललं नाही.

"घेतली," नाना म्हणाला.

उत्तर कानाला आलं की हातांना, ते त्याला सांगता आलं नसतं. पण मूठ एकदम पूर्ण अंगावर आली, दोन माणसांच्या वजनाची, आणि तिने त्याला गुडघ्यात वाकवलं. त्याने ती मांडीवर घेतली, दात खाल्ले, उभा राहिला. उजवीकडे फवारा उडत होता. त्या फवाऱ्याच्या पडद्यापलीकडे, चढाच्या वाटेवर, कुणीतरी पाठमोरं वर जात होतं. लांब मान. डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरं. पाळी संपलेल्या माणसाची चाल, घाई नाही, रेंगाळणं नाही. आखडलेली बोटं मोकळी करायला माणूस हात झटकतो तसे त्याने दोन्ही हात झटकले. हातांना मोजे नव्हते. मनगटापुढे जे असायला हवं होतं ते नानाला दिसलं नाही. फवारा आडवा आला. फवारा गेला तेव्हा वाट रिकामी होती.

नानाने पुन्हा कड्याकडे नजर वळवली. तोफेवरच्या माणसाने दुसरीकडे पाहायचं नसतं.

९

तोफेचं तोंड हलेना. नानाने उजवीकडे न्यायचा तीनदा जोर केला. ती जिथे दिली गेली होती तिथेच राहिली. कड्याच्या पायथ्याला कपार पडत चालली.

अडीचला वरून पहिलं ढेकूळ सुटलं. दोन पस्तीसला कड्याच्या माथ्यावर एक रेघ दिसली, केसाएवढी. दोन चाळीसला ती बोटाएवढी झाली. टोल्याने हे सगळं पाहिलं होतं तर. काठाकडे पाहत, कुणी येतं का ते पाहत, इथे उभा राहून त्याने ही रेघ रुंदावताना पाहिली होती, आणि मूठ सोडली नव्हती.

"नाना!" पंपवाला काठावरून ओरडत होता. "सोडा! वर बघा! नाना, सोडा म्हणतो!"

"किती वाजले?" नाना ओरडला.

"मरायचंय का तुम्हाला?"

"वाजले किती ते सांग!"

"शेहेचाळीस! बंद करतो मी!"

"पंचावन्नला! कबूल केलंयस!"

पंपवाल्याने एक शिवी दिली, आईवरून सुरू होऊन कुठेतरी रडण्यात संपलेली, आणि पंपघराकडे पळाला. नाना एकटा राहिला.  माती ओघळून बुटांपर्यंत आली, मग घोट्यापर्यंत. ती आतून वाहत यावी तशी गार होती. वरची रेघ आता हातभर रुंद होती आणि तिच्या आत अंधार होता, भर दुपारी. नाना त्या अंधाराकडे पाहत नव्हता. धारेचं टोक जिथे लागत होतं तिथे पाहत होता, आणि मिनिटं मोजत होता.

पन्नास. एक्कावन्न. गुडघ्यापर्यंत माती.

त्रेपन्नला कडा कण्हला. दुसरा शब्द नव्हता त्याला.

चौपन्न.

पंचावन्नला पंप थांबला. धार आखूड होत होत तोफेच्या तोंडापाशी आली आणि गळून पडली. कडा उभा होता, आणि त्याच्याखाली नानाही. टोल्याची चाळीस मिनिटं फिटली.